स्क्विड प्रॉक्सी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो, लॉगमध्ये कारण सापडत नाही

प्रॉक्सीपाल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या वेबसाइटच्या पुढे स्क्विड रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून बसवलेला आहे, म्हणजे विनंत्या आधी झेलून साठवलेल्या प्रती (कॅश) देणारा मध्यस्थ. मागे नकाशांच्या टाइल्स आणि छोट्या चित्रांचा मोठा साठा आहे, त्यामुळे कॅशिंगचा फायदा भरपूर होतो. मशीनला १६ जीबी रॅम, २ जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). डिस्क कॅश ५०० जीबी, चार कॅश_डिरमध्ये (कॅशच्या डिरेक्टरी) प्रत्येकी १२५ जीबी, प्रकार एयूएफएस (साठवणीची एक पद्धत). कॅश_मेम ६ जीबी.

कित्येक महिने सगळं सुरळीत होतं. आता दर एक-दोन दिवसांनी स्क्विड मधूनच मरतो आणि स्वतःच उभा राहतो. त्यानंतर थोडा वेळ साइट अतिशय मंद चालते आणि तक्रारी सुरू होतात. कॅश.लॉगमध्ये आधीच्या ओळी अगदी नेहमीच्या, आणि त्यांच्या खाली थेट नव्याने सुरू झाल्याची ओळ. मध्ये ना फेटल, ना असर्शन (कोडमधली फसलेली तपासणी), ना कसलं वॉर्निंग. ठरावीक वेळ नाही. कधी भर दुपारी, कधी पहाटे. कुठून शोधायला सुरुवात करू?

टर्मिनलताई

कॅश डिरेक्टरी खराब झाल्यासारखी वाटते. स्क्विड बंद करा, चारही डिरेक्टरी रिकाम्या करा, स्क्विड -झेड चालवून नव्याने बनवा आणि बघा. स्वॅप.स्टेट (कॅशमधल्या वस्तूंची नोंद ठेवणारी फाइल) बिघडली की विचित्र प्रकार होतात हे मी पाहिलं आहे.

प्रॉक्सीपाल

ताई, हे करून झालं आहे, एकापेक्षा जास्त वेळा. गंमत अशी की उपाय लागू पडतो! कॅश रिकामी केली की कित्येक आठवडे एकही क्रॅश नाही. मग हळूहळू पुन्हा तेच सुरू.

टर्मिनलताई

मग तर डिस्कच तपासा. कॅश पुन्हा पुन्हा खराब होते म्हणजे खाली हार्डवेअरचा दोष असू शकतो. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलचा पूर्ण अहवाल आणि कर्नेल लॉगमध्ये आय/ओ एरर आहेत का ते इथे टाका.

लोडबॅलन्सर

माझं मत रॅमकडे. मेमटेस्ट रात्रभर चालवा. खराब रॅममुळे असेच कशाचा कशाला पत्ता नसलेले क्रॅश येतात.

गस्तवाला

थोडं थांबूया. डिस्क आणि रॅम तपासायला हरकत नाही, पण त्याआधी एक साधी गोष्ट बघायची राहिली आहे: प्रोसेस मेली कशाने?

स्क्विड सुरू होतो तेव्हा दोन प्रोसेस असतात. एक पॅरेंट, जी फक्त राखण करते. दुसरी मूल, जी खरं काम करते. मूल मेलं की पॅरेंट नवं उभं करते, म्हणूनच तुमचा स्क्विड "आपोआप" सुरू होतो. मूल लागोपाठ लवकर लवकर मरायला लागलं की पॅरेंट हात टेकते आणि नव्या आवृत्त्यांमध्ये डीफॉल्टने तासभर पुन्हा प्रयत्न करत नाही.

आता महत्त्वाचं. मूल कशाने मेलं हे पॅरेंटला नक्की कळतं आणि ती ते लिहूनही ठेवते, पण सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या सामाईक लॉगमध्ये. तुम्ही कॅश.लॉग बघत बसलात तर ती ओळ दिसणारच नाही. सिसलॉगमध्ये किंवा जर्नलमध्ये "स्क्विड पॅरेंट" असं शोधा. तिथे "एक्झिटेड ड्यू टू सिग्नल" (सिग्नल म्हणजे प्रोसेसला मिळालेला थांबण्याचा इशारा) आणि पुढे एक आकडा मिळेल. सगळी दिशा त्या आकड्यावर ठरते.

६ असेल तर स्क्विडने स्वतःच मान टाकली: कोडमधली एखादी असर्शन खोटी ठरली. पण तसं असतं तर कॅश.लॉगमध्ये "असर्शन फेल्ड" आणि फाइलचं नाव आलं असतं. तुमच्याकडे ते नाही. ११ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. तो कोडमधल्या दोषाने येतो, किंवा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी येत असेल तर लोडबॅलन्सर म्हणतात तशी खराब रॅम. ७ म्हणजे बस एरर. अनेक वर्कर चालवत असाल तर डेव्ह-एसएचएम (प्रोसेसमधली सामायिक मेमरी) भरलंय का बघायचं. २५ आता क्वचित दिसतो. जुन्या ३२ बिट बिल्डमध्ये लॉग फाइल २ जीबीला टेकली की यायचा.

आणि ९. हा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे शेवटची ओळ लिहायलाही सवड मिळत नाही. तुमच्या कॅश.लॉगमधली शांतता बघून माझा कल ९ कडे आहे. पण कल म्हणजे पुरावा नव्हे. ओळ शोधा.

नवशिकी

एक शंका. अ‍ॅक्सेस.लॉग, कॅश.लॉग आणि कर्नेल लॉग यांतल्या वेळा जुळवायच्या कशा? मला तिन्हीकडे तीन तऱ्हा दिसतात.

गस्तवाला

कॅश.लॉगमध्ये मशीनची स्थानिक वेळ असते. अ‍ॅक्सेस.लॉगच्या पहिल्या रकान्यात मूळ फॉरमॅटमध्ये १९७० पासूनचे सेकंद आणि मिलिसेकंद असतात. डीमेसेजमध्ये (कर्नेल लॉग) मशीन बूट झाल्यापासूनचे सेकंद. डीमेसेज -टी लिहिलं की तारीख-वेळ दिसते, पण मशीन मध्ये सस्पेंड झालं असेल तर ती घसरते. म्हणून मी जर्नलसीटीएल -के वापरतो, तिथल्या वेळांची तुलना सरळ करता येते.

प्रॉक्सीपाल

सापडलं. प्रत्येक क्रॅशच्या वेळी एकच ओळ:

स्क्विड पॅरेंट: स्क्विड-१ प्रोसेस २२१४ एक्झिटेड ड्यू टू सिग्नल ९ विथ स्टेटस ०

आणि त्याच सेकंदाला कर्नेल लॉगमध्ये:

आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस २२१४, एनॉन-आरएसएस: १४२६३१८८ केबी

म्हणजे कर्नेलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) स्क्विडला मारतोय. पण कळत नाही ते हे: कॅश_मेम ६ जीबी दिलं असताना स्क्विड साडेतेरा जीबीच्या वर गेला कसा? मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न सोडणं) आहे का?

रूटकाका

तोवर तात्पुरता इलाज: सिस्टमडीमध्ये ओओएमस्कोरअ‍ॅडजस्ट उणे १००० करा. कर्नेल स्क्विडला हात लावणार नाही.

गस्तवाला

काका, या उपायाला माझा ठाम विरोध आहे. मेमरी संपायची ती संपणारच. स्क्विडला कवच दिलं तर कर्नेल दुसरं कोणीतरी उचलेल: एसएसएच, मॉनिटरिंग, नाहीतर लॉग लिहिणारी प्रोसेस. आज निदान कोण मेलं हे कळतंय. उद्या मशीनमध्ये शिरताच येणार नाही.

आता प्रॉक्सीपाल यांचा प्रश्न. कॅश_मेम ही स्क्विडच्या एकूण मेमरीची मर्यादा आहे, असा समज फार पसरलेला आहे. तसं अजिबात नाही. रॅममध्ये ठेवलेल्या ऑब्जेक्टसाठी किती जागा द्यायची, एवढंच ते सेटिंग ठरवतं. त्याशिवाय डिस्कवरच्या प्रत्येक ऑब्जेक्टची नोंद रॅममध्ये असावी लागते, कारण विनंती आली की ती वस्तू आपल्याकडे आहे का हे डिस्क न चाळता कळायला हवं. स्क्विडवाल्यांचा जुना ठोकताळा असा की ६४ बिट मशीनवर दर १ जीबी डिस्क कॅशमागे सुमारे १४ एमबी रॅम या सूचीला लागते. ३२ बिटवर १० एमबी.

तुमचं गणित मांडतो. ५०० जीबी गुणिले १४ एमबी म्हणजे सुमारे ७ जीबी. त्यात कॅश_मेमचे ६. झाले १३. वर चालू कनेक्शनचे बफर, डीएनएसची कॅश, मेमरीचं तुकड्यातुकड्यांत विखुरणं. १६ जीबीच्या मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि बाकीच्यांना उरलं काय?

आणि आता तुमच्या त्या "उपाय लागू पडतो" या वाक्याकडे परत या. कॅश रिकामी केली की सूचीही रिकामी होते. स्क्विड सहा-सात जीबीवर सुखात चालतो. आठवड्यामागून आठवडे डिस्क भरत जाते, तशी सूची फुगत जाते, आणि डिस्क भरत आली की मशीनची रॅम संपते. सुरुवातीचे कित्येक महिने सुरळीत गेले तेही यामुळेच. कॅश खराब कधी झालीच नव्हती. ती भरत होती.

टर्मिनलताई

हे पटतंय. मात्र लीकची शक्यता अजून खोडली गेलेली नाही. डिस्क भरणं आणि लीक, दोन्ही वेळेबरोबरच वाढतात. दोन्हींत रीस्टार्टनंतर सगळं छान दिसतं.

गस्तवाला

बरोबर मुद्दा. पण एक फरक आहे आणि तोच कामाचा. लीक असेल तर नुसता रीस्टार्ट पुरतो, कॅश रिकामी करावी लागत नाही. सूचीचा प्रश्न असेल तर रीस्टार्टनंतर स्वॅप.स्टेट वाचून सूची पुन्हा तेवढीच उभी राहते आणि काही वेळात मेमरी जुन्या पातळीच्या जवळ पोचते. यांचा स्क्विड ओओएमनंतर दोन दिवसांत पुन्हा मरतो, रिकामी कॅश मात्र कित्येक आठवडे चालते.

तरी अंदाजावर सोडू नका. कॅश मॅनेजरच्या माहितीच्या पानावर स्टोअरएंट्रीजचा (सूचीतल्या नोंदींचा) आकडा मिळतो. तो आणि प्रोसेसची आरएसएस (प्रत्यक्ष व्यापलेली रॅम), हे दोन आकडे दर दहा मिनिटांनी एका फाइलमध्ये लिहून ठेवा. दोन्ही हातात हात घालून चढत असतील तर सूची. स्टोअरएंट्रीज स्थिर आणि आरएसएस चढतीच, तर लीक किंवा फ्रॅगमेंटेशन. त्याच पानावर ऑब्जेक्टचा सरासरी आकार असतो, तोही टाका.

लोडबॅलन्सर

सरासरी आकाराला फार महत्त्व आहे, याला दुजोरा. १४ एमबीचा ठोकताळा १३ केबी सरासरीवर बेतलेला आहे. १ जीबीमध्ये १३ केबीच्या सुमारे ८० हजार वस्तू बसतात, म्हणजे एका नोंदीला साधारण १८० बाइट. तुमच्याकडे मोठमोठ्या फाइल असत्या तर तेवढ्याच ५०० जीबीला याच्या कितीतरी कमी रॅम लागली असती. कोणी फक्त सॉफ्टवेअर अपडेट कॅश करत असेल तर त्याने हे गणित जसंच्या तसं उचलू नये.

प्रॉक्सीपाल

काही दिवस आकडे गोळा केले. सरासरी आकार १३ केबीच्या आसपासच आहे, टाइल्स छोट्याच असतात. स्टोअरएंट्रीज साडेतीन कोटींच्या वर. आलेख काढला तर दोन्ही रेषा एकमेकींना धरून चढतात. रीस्टार्टनंतर आरएसएस आधी झपाट्याने सात-साडेसात जीबीवर जाते, ती सूची वाचताना. मग कॅश_मेम भरेल तशी सावकाश वर. एवढं स्वच्छ चित्र दिसेल असं वाटलं नव्हतं.

अजून एक गोष्ट उलगडली. क्रॅशनंतर साइट मंद का होते? कॅश.लॉगमध्ये तेव्हा "रीबिल्डिंग स्टोरेज" च्या ओळीत "डर्टी लॉग" असतं. नीट बंद केला तर तिथे "क्लीन लॉग" येतं आणि सूची बरीच लवकर उभी राहते.

आता कॅश_मेम २ जीबी आणि चारही कॅश_डिर ५० जीबी केल्या आहेत. एकूण २०० जीबी, म्हणजे सूचीला सुमारे २.८ जीबी. हिट रेशो (कॅशमधूनच भागलेल्या विनंत्यांचं प्रमाण) किती पडतो ते बघून कळवतो.

रूटकाका

चार कॅश_डिर का, एकच २०० जीबीची का नाही?

लोडबॅलन्सर

एका कॅश_डिरमध्ये १,६७,७७,२१६ पेक्षा जास्त ऑब्जेक्ट ठेवता येत नाहीत, म्हणजे २ चा २४ वा घात. १३ केबीच्या हिशेबाने एक डिरेक्टरी २०८ जीबीच्या आसपासच थांबते. त्यामुळे २०० जीबी काठावर बसतील, पण आधीचे ५०० जीबी एकीत कधीच बसले नसते. मोडून एक करण्यात आता काही मिळणार नाही.

प्रॉक्सीपाल

कळवायला आलो. हिट रेशो नावापुरता उतरला. लोक ज्या टाइल्स बघतात त्या मुळात थोड्याच आहेत, बाकीच्या नुसत्या जागा अडवून बसल्या होत्या. सिग्नल ९ पूर्ण थांबला. आरएसएस साडेपाच-सहा जीबीवर स्थिर आहे.

पण नवाच प्रकार सुरू झाला आहे. मध्यरात्रीनंतर, लॉग रोटेट झाल्यावर (जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू केल्यावर) काही मिनिटांत स्क्विड बंद पडून पुन्हा सुरू होतो. रोज नाही, पण रीस्टार्ट होऊन बरेच दिवस झाले असले की हमखास. या वेळी कॅश.लॉग गप्प नाही. आधी "आयपीसीक्रिएट: फोर्क: कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी" अशा ओळी, मग यूआरएल रीराइट हेल्पर (विनंतीतला पत्ता बदलून देणारी मदतनीस प्रोसेस) चालवता आला नाही म्हणून वॉर्निंग, शेवटी फेटल: "टू मेनी क्यूड रिडायरेक्टर रिक्वेस्ट्स". सिसलॉगमध्ये सिग्नलच नाही, नुसतं एक्झिट स्टेटस १. आणि फ्री बघितलं तर निम्म्याहून जास्त रॅम मोकळी!

गस्तवाला

मशीनच्या मेमरी सेटिंगमध्ये मध्यंतरी कोणी बदल केला का? व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी किती आहे ते सांगा.

प्रॉक्सीपाल

२ आहे. ओओएमच्या नोंदी पाहून सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमने सगळ्या मशीनवर लावलं, असं विचारल्यावर कळलं.

गस्तवाला

मग साखळी जुळली. सविस्तर लिहितो, कारण "रॅम मोकळी असताना मेमरी नाही" हा प्रकार अनेकांना चक्रावतो.

स्क्विड -के रोटेट म्हटल्यावर फक्त लॉग फाइल बदलत नाही. स्क्विड आपले हेल्पर बंद करून नव्याने सुरू करतो, आणि नवा हेल्पर सुरू करायचा म्हणजे फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढणं. फोर्कच्या क्षणी कर्नेलच्या हिशेबात स्क्विडची अख्खी मेमरी दुप्पट होते. प्रत्यक्षात कॉपी होत नाही. पान बदललं तरच त्याची प्रत निघते, आणि हेल्पर तर लगेच दुसरा प्रोग्रॅम चढवून मोकळा होतो. नेहमीच्या ० या सेटिंगला कर्नेल या गोष्टीकडे समजुतीने बघतो. २ लावलं की तो कडक हिशेबनीस होतो: जेवढ्या मेमरीचं वचन दिलं तेवढी मर्यादेत बसलीच पाहिजे, वापरा की न वापरा.

मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के, कारण ओव्हरकमिट_रेशो डीफॉल्टने ५० असतो. तुमच्याकडे २ अधिक ८, म्हणजे १० जीबी. स्क्विड साडेपाच-सहा जीबी, फोर्कला पुन्हा तेवढेच, झाले ११-१२. फोर्क नाकारला जातो. एकही हेल्पर उभा राहत नाही. विनंत्या रांगेत साचतात. रांग मर्यादेबाहेर राहिली की स्क्विड ३ मिनिटं वाट बघतो आणि मग फेटल देऊन बाहेर पडतो. सुरू झाल्यावर सूची आणि कॅश_मेम भरायच्या आत प्रोसेस लहान असते, फोर्क सहज होतात, सगळं पुन्हा ठीक. रीस्टार्टनंतर काही दिवस हा त्रास होत नाही तो यामुळे.

प्रॉकमेमइन्फोमध्ये कमिटलिमिट आणि कमिटेड_एएस या दोन ओळी बघा. रोटेटच्या आधी दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्या वर गेलेला दिसेल.

टर्मिनलताई

उपाय दोन सुचतात. ओव्हरकमिट पुन्हा ० करा. आणि टीमला २ च ठेवायचं असेल तर स्वॅप वाढवा. ८ जीबी स्वॅप दिली तर मर्यादा १६ जीबी होते. ती स्वॅप वापरली जाणार नाही, फक्त हिशेब बसेल. शिवाय यूआरएल_रीराइट_चिल्ड्रनमध्ये स्टार्टअपचा आकडा कमाल आकड्याएवढाच ठेवा, म्हणजे गर्दीच्या वेळी ऐनवेळी फोर्क करावा लागणार नाही.

नवशिकी

स्वॅप वाढवली तर स्क्विड स्वॅपमध्ये जाऊन रांगायला नाही का लागणार?

टर्मिनलताई

रॅम खरोखर अपुरी असेल तरच. सूचीतल्या नोंदी कुठूनही कशाही वाचल्या जातात, त्यामुळे सूची स्वॅपमध्ये गेली तर हाल होतात हे खरं. म्हणून आधी आकार कमी करणं गरजेचं होतं, आणि ते इथे झालेलं आहे. व्हीएमस्टॅटमध्ये एसआय आणि एसओ हे रकाने शून्याजवळ आहेत ना, एवढ्यावर लक्ष ठेवायचं.

प्रॉक्सीपाल

टीमशी बोललो. या मशीनपुरतं ओव्हरकमिट ० केलं, स्वॅपही ८ जीबी केली आणि हेल्पर सुरुवातीलाच सगळे उभे करतो. तेव्हापासून रोटेट दर रात्री बिनबोभाट होतोय आणि सिसलॉगमध्ये पॅरेंटची एकही नवी ओळ नाही. स्टोअरएंट्रीज आणि आरएसएसचा आलेख मात्र कायमचा मॉनिटरिंगमध्ये घातला आहे, आरएसएस १० जीबीवर गेली की सूचना येईल. सगळ्यांचे मनापासून आभार.

बॅकअपवाला

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे सिसलॉगमध्ये सिग्नल ६ दिसतो आणि कॅश.लॉगमध्ये असर्शनची ओळही आहे. मेमरी भरपूर मोकळी. मीही कॅश लहान करू का?

गस्तवाला

नको, तुमचा मामला वेगळा आहे. सिग्नल ६ ला मेमरीचं गणित लावू नका.

असर्शनच्या ओळीतली फाइल आणि पूर्ण मजकूर जसाच्या तसा घ्या, आणि स्क्विडच्या बगझिलामध्ये (दोषांची जाहीर नोंदवही) शोधा. ओळीचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून फाइलच्या नावाने आणि अटीच्या मजकुराने शोधायचं. तुमची आवृत्ती जुनी असेल तर बहुतेक वेळा तो दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालेला असतो.

सापडला नाही तर कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची फाइल) लागेल. कोअरडंप_डिरला अशी जागा द्या जिथे स्क्विडच्या यूजरला लिहिता येतं आणि जिथे प्रोसेसएवढी डिस्क मोकळी आहे. सिस्टमडीमध्ये लिमिटकोअर इन्फिनिटी करा. कर्नेलचा कोअर_पॅटर्न सिस्टमडीकडे वळवलेला असेल तर डंप तुम्ही दिलेल्या जागी येणार नाही, कोअरडंपसीटीएलने बघावा लागेल. मग डीबग सिम्बॉलचं (कोडमधल्या नावांचं) पॅकेज चढवून जीडीबी या डीबगरमध्ये बीटी, म्हणजे बॅकट्रेस: कोणत्या फंक्शनमधून कुठे पोचलं याची यादी. सिम्बॉल नसले तर नुसते पत्ते दिसतील आणि त्यांचा कोणालाच उपयोग नाही. बॅकट्रेस जाहीर टाकण्याआधी त्यात कोणाच्या यूआरएल किंवा कुकी आल्या आहेत का ते नक्की तपासा. कोअर फाइल तर कोणालाच देऊ नका, तिच्यात मेमरीतलं सगळंच असतं.

बॅकअपवाला

आवृत्ती जुनीच आहे. आधी चाचणीच्या मशीनवर अपग्रेड करून बघतो, तरीही आला तर बॅकट्रेससकट वेगळा धागा काढतो.